दोन पावलांवरचा माणूस

फोटोग्राफर दिसला की लोक पहिला प्रश्न विचारतात तो झूमचा. ‘‘तुमच्या कॅमेऱ्याला झूम किती?’’ लग्नघरात विचारतात, गड्ड्याच्या गर्दीत विचारतात, रिक्षात बसलो तर रिक्षावाले मामाही आरशातून बघत विचारतात. मी म्हणतो, ‘‘झूम नाही.’’ एवढा मोठा कॅमेरा गळ्यात आणि झूम नाही म्हटल्यावर समोरच्याला माझी थोडी दयाच येते. आज मला बोलायचे आहे ते याच बिनझूमच्या लेन्सविषयी. तिचे नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ, ८५ मिलिमीटर. ते कमी होत नाही, जास्त होत नाही. अशा एकाच अंतराच्या लेन्सला प्राइम लेन्स म्हणतात. माणसांचे चेहरे टिपण्यासाठी गेली पंचवीस वर्षे मी मुख्यतः हीच लेन्स वापरत आलो आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण कॅमेरे बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने अशी लेन्स काढलेली आहे आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांना लागू पडते.

झूम लेन्सची सोय मोठी आहे, यात शंका नाही. आपण मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहावे, कडे फिरवावे, की वधूचा चेहरा जवळ येतो. आणखी फिरवले की नथ दिसते. प्राइम लेन्समध्ये कडे फिरवून माणूस जवळ येत नाही. तो जवळ हवा असेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचे. ८५ मिलिमीटरच्या लेन्समधून, दीड मीटरवरून, उभ्या फोटोत साधारण दोन फूट उंच आणि सव्वा फूट रुंद एवढाच भाग मावतो. म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंतचा माणूस. दीड मीटर म्हणजे दोन पावले. ओट्यावर समोरासमोर बसून गप्पा मारणाऱ्या दोन माणसांत जेवढे अंतर असते, साधारण तेवढेच. याहून जवळ गेले की माणूस नकळत मान मागे घेतो. याहून लांब राहिले की आवाज चढवावा लागतो.

या अंतराचा चेहऱ्याशी काय संबंध, ते एका साध्या हिशेबाने सांगतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर धरा १२ सेंटिमीटर. आता कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर आहे असे समजा. मोबाइलवर जवळून सेल्फी घेताना साधारण असेच होते. नाक ३० वर, कान ४२ वर. जे जवळ ते मोठे दिसणार, म्हणून कानाच्या मानाने नाक ४० टक्क्यांनी मोठे दिसते. गाल फुगतात, कान मागे पळतात आणि माणूस म्हणतो, ‘‘माझा फोटोच चांगला येत नाही.’’ हाच कॅमेरा दीड मीटरवर न्या. नाक १५० वर, कान १६२ वर. आता फरक उरला फक्त ८ टक्के. आई रोज समोर बसून आपल्याला पाहते तो चेहरा हा. तेव्हा बिचाऱ्या चेहऱ्याला दोष देऊ नये. दोष अंतराचा असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चेहऱ्याची ठेवण नीट दिसते ती लेन्सच्या काचेमुळे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ठेवण ठरते ती आपण कुठे उभे राहतो त्यावरून. लेन्स एवढेच करते, की आपल्याला त्या जागी उभे राहायला भाग पाडते. माझ्या लेन्सने मला सर्वांत मोठी शिकवण कसली दिली असेल, तर ती जागेची.

चेहऱ्यांसाठी खास लेन्स हा विचार छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दाग्येर यांची पद्धत जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्स इतक्या मंद होत्या की माणसाला उन्हात कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. दुसऱ्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी केवळ चेहऱ्यांसाठी एक लेन्स तयार केली. तिच्या आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातले गणित जाणणारे सैनिक मदतीला मिळाले होते. तिचे ॲपर्चर होते एफ ३.६, त्या काळाच्या मानाने फारच मोठे. बसण्याचा वेळ एकदम खाली आला आणि सामान्य माणसाला आपला चेहरा कागदावर, धातूवर उतरवून घेणे शक्य झाले. आपल्याकडे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढे ही कला गावोगावच्या स्टुडिओंत पोचली.

मी ज्या स्टुडिओत उमेदवारी केली तिथे दोन डोळ्यांचा कॅमेरा होता, वरून मान घालून बघायचा. त्याला ८० मिलिमीटरची एकच लेन्स, ती बदलताही येत नसे. एका रोलमध्ये बारा फोटो. ‘झूम’ हा शब्द त्या स्टुडिओत कुणी उच्चारलाही नव्हता. आमचे मालक गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे, हनुवटी दोन बोटांनी किंचित वळवायचे, दोन पावले मागे यायचे आणि घरची विचारपूस करत राहायचे. बोलता बोलता कधी बटण दाबले, हे गिऱ्हाइकाला कळायचेही नाही. बाराच फोटो असल्यामुळे वाट बघण्याची सवय हाताला आपोआप लागायची.

आता प्रकाशाचे सांगतो. आपल्या पूर्व भागातले यंत्रमागाचे कारखाने ज्यांनी आतून पाहिले आहेत, त्यांना ठाऊक आहे की तिथे दिवसासुद्धा उजेड बेताचाच असतो. एखादी खिडकी, एखादी ट्यूब. खडखडाट एवढा की कानाशी तोंड नेल्याशिवाय शब्द कळत नाही. साध्या झूम लेन्सचे ॲपर्चर लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ असते. माझी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. हे आकडे उलटे वाचायचे, आकडा लहान तेवढे छिद्र मोठे. ८५ ला १.८ ने भागा. सुमारे ४७ मिलिमीटर येतात. एवढा त्या छिद्राचा व्यास, मोठे लिंबू आडवे कापल्यावर दिसेल एवढा. एफ ५.६ च्या तुलनेत त्यातून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. जिथे दुसऱ्या लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि माणूस हलला की चेहरा पुसला जातो, तिथे माझे काम सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात होते. फ्लॅशचा झगमगाट करावा लागत नाही. मागावरच्या माणसाची नजर धाग्यावर असते. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. त्या गाठीच्या क्षणी तो मान वर करतो. तेवढ्यात मिळाला तर फोटो. भुवयांवर बसलेले सुताचे बारीक तंतूसुद्धा त्यात दिसतात. सोलापुरी चादर घराघरांत पोचली. ती विणणाऱ्याच्या भुवया किती जणांनी पाहिल्या असतील?

ॲपर्चर मोठे ठेवण्याची किंमतही मोजावी लागते. दीड मीटरवर एफ १.८ ला जेवढा भाग स्पष्ट दिसतो त्याची जाडी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरते, म्हणजे दोन बोटे. डोळा स्पष्ट आला तर कान धूसर होतो. माणसाने श्वास घेताना मान थोडी पुढे केली तरी नेम चुकतो. म्हणून नियम असा, की जो डोळा कॅमेऱ्याच्या जवळ, तो आधी सांभाळायचा. डोळा स्पष्ट असला की बाकीचे धूसर असले तरी बघणाऱ्याला खटकत नाही. आपणही बोलताना डोळ्यांतच बघतो ना? एफ ४ केले की ही जाडी चार बोटांवर येते आणि चेहऱ्याचा बराचसा भाग सुखरूप राहतो.

मागचे सगळे धूसर करून टाकण्याची हौस नव्या फोटोग्राफरांना फार असते. मोबाइलमध्ये २०१६ च्या सुमारास ‘पोर्ट्रेट मोड’ आला, तेव्हापासून ती घरोघर पोचली. तिथे हे काम गणिताने होते. चेहरा कुठे संपतो याचा अंदाज घेऊन फोन बाकीचा भाग पुसट करतो. कधी केसांच्या बटा त्यात जातात, कधी कानातले झुबे. त्यात वाईट काही नाही, दिवसेंदिवस ते सुधारतेच आहे. पण मागचे काय पुसायचे आणि काय ठेवायचे, हा निर्णय कुठल्याच यंत्रावर सोडू नये असे मला वाटते.

कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. तिथे एका आज्जींचा फोटो घ्यायचा होता. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, बोटांना दोऱ्याची सवय इतकी, की बोलताना हात थांबेनात. लेन्स पूर्ण उघडली असती, तर सुरकुत्यांचा एक सुंदर चेहरा मिळाला असता आणि त्या चेहऱ्याच्या आयुष्याचे काम धुक्यात गेले असते. मी एफ ५.६ केले, एक पाऊल आणखी मागे सरकलो आणि सुपातली पाने ओळखू येतील एवढी स्पष्ट ठेवली. आठवड्याने फोटो छापून नेऊन दिला. आज्जींनी तो बराच वेळ पाहिला आणि नातीला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. नात हसत म्हणाली, ‘‘काका, आज्जी म्हणतेय, आतापर्यंत माझे फोटो निघाले ते सगळे कार्डासाठी. हा पहिलाच घरासाठी निघाला.’’

हे वाक्य मी विसरलेलो नाही. आपल्यातल्या कितीतरी लोकांचे फोटो असतात, ते कार्डासाठी असतात. रेशनकार्ड, आधारकार्ड, पासबुक. सरळ बसा, हलू नका, पुढचा. त्या फोटोत माणूस ओळखू येतो, पण भेटत नाही.

या लेन्सच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंद्या घातलेले भक्त रस्ता भरून टाकतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. तो सोहळा दाखवायला ही लेन्स कामाची नाही. तिथे रुंद नजरेची लेन्स हवी. पण नंदीध्वज दुसऱ्याच्या हाती सोपवून एखादा तरुण गर्दीतून बाजूला होतो, बाराबंदी घामाने चिकटलेली, श्वास लागलेला, चेहऱ्यावर दमणूक आणि समाधान एकाच वेळी. तिथे मी दोन पावलांवर जाऊन उभा राहतो. तो नजर वर करून कॅमेऱ्याकडे बघतो, मी मानेने विचारतो, तो मानेनेच होकार देतो. लांबून झूमने हा फोटो त्याच्या नकळत मिळाला असता. पण मग तो होकार फोटोत आला नसता.

मला वाटते, या लेन्सची खरी गोष्ट इथे आहे. दीड मीटरवरून चोरून फोटो घेता येत नाही. माणूस तुम्हाला बघतोच. तुम्ही कोण, कशासाठी आलात, हे त्याला विचारता येते आणि ‘नको’ म्हणता येते. पण लेन्स माणसाला एवढ्या जवळ नेऊ शकते, पुढचे काम फोटोग्राफरचे असते, हेही तितकेच खरे. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांनी हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो घेतला. लेन्स १०५ मिलिमीटरची, माझ्या लेन्सची थोरली बहीणच म्हणा. जून १९८५ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो छापला गेला आणि ते डोळे जगभर पोचले. पण त्या मुलीचे नाव शरबत गुला आहे, हे जगाला कळले २००२ साली, सतरा वर्षांनी. फोटो घेताना तिची संमती कशी घेतली, त्या प्रसिद्धीचा तिला उपयोग झाला की ताप, यावर पुढे खूप चर्चा झाली. फोटो थोर आहे, तरी ती चर्चाही योग्यच आहे. म्हणून माझी तीन पथ्ये आहेत. आधी नाव विचारायचे. मग परवानगी मागायची. आणि शेवटी छापील फोटो त्या माणसाच्या हातात नेऊन द्यायचा. तिसरे पथ्य सर्वांत कठीण, कारण त्यासाठी पुन्हा त्या गल्लीत जावे लागते.

हे सगळे एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याला घरचे कारण आहे. माझे आजोबा इथल्या गिरणीत कामाला होते. भोंग्यावर घर चालायचे. त्यांचा एकही फोटो नाही. वडील म्हणायचे, ‘‘तुझं नाक त्यांच्यासारखंच.’’ आत्या म्हणायची, ‘‘छे, नाक नाही, कपाळ.’’ दोघांचा वाद व्हायचा. आता दोघेही नाहीत, तेव्हा वादही संपला आणि आजोबांचा चेहराही. याउलट आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस बघा. १९१० चा जन्म, रुग्णसेवेसाठी चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय अवघे ३२. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी गेली, तरी शाळकरी पोरही त्यांचा चेहरा ओळखते, कारण त्यांचे फोटो आहेत. माझे आजोबा काही कोटणीस नव्हते. पण आमच्या घरापुरते तेही मोठेच होते.

२०२० आणि २०२१ ही करोनाची दोन वर्षे आठवून बघा. त्या काळात माझ्याकडे येणारी माणसे लग्नाची ऑर्डर घेऊन येत नव्हती. मोबाइल पुढे करून म्हणत, ‘‘यातून वडिलांचा एक फोटो काढून द्या, हार घालायला.’’ मोबाइलमध्ये हजारो फोटो असत. वडील असत बारशाच्या घोळक्यात तिसऱ्या रांगेत, मोहरीएवढे. नाहीतर सेल्फीच्या कडेला, अर्धा कान कापलेले. नाहीतर तोंडावर मास्क. शेवटी आधारकार्डावरचा फोटो मोठा करायचा. एक मुलगा तो मोठा केलेला फोटो बघून म्हणाला, ‘‘आमचे अण्णा असे रागीट नव्हते हो.’’ मला काही उत्तर सुचले नाही. जगातली कुठलीच लेन्स मागच्या तारखेचा फोटो घेऊ शकत नाही.

त्यानंतर मी एक सुरू केले. महिन्यातल्या एका रविवारी लेन्स घेऊन एखाद्या वस्तीत जायचे आणि साठीच्या पुढच्या ज्यांची इच्छा असेल त्यांचे फोटो घ्यायचे. दारात खुर्ची ठेवायची, मागे घराचा अंधार, समोरून अंगणाचा उजेड. नाव विचारायचे, गाव विचारायचे, लग्न कधी झाले ते विचारायचे. लग्नाचे विचारले की ऐंशीच्या आज्जीही पदर सावरून गालात हसतात, आणि दोन पावलांवर माझी लेन्स तयार असते.

हे करायला माझी लेन्स हवीच असे नाही. ज्यांच्याकडे लहान सेन्सरचा साधा डिजिटल कॅमेरा आहे, त्यांनी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स बघावी. ती बहुधा सर्वांत स्वस्त प्राइम लेन्स असते आणि अशा कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिलिमीटरचे काम करते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. एक, फोटो मागच्या कॅमेऱ्याने घ्या आणि ‘२ एक्स’ची सोय असेल तर ती वापरा. दोन, माणसापासून दोन पावले लांब उभे राहा. तीन, सोलापूरच्या उन्हात माणसाला उघड्यावर बसवू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. दाराच्या आत, उंबऱ्याशी, उजेडाकडे तोंड करून बसवा. चार, ‘हसा, हसा’ म्हणू नका. त्यांच्या लहानपणाचे काहीतरी विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. फोटो उत्तर संपल्यावर मिळतो.

आणि एक काम मात्र पुढच्या रविवारवर ढकलू नका. त्यातला एक फोटो जवळच्या स्टुडिओत जाऊन कागदावर छापून घ्या. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलतो. छापलेल्या फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने त्या माणसाचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा. मग तो ज्याचा आहे त्याच्या हातात द्या.